आजीची फिल्म पूर्ण झाली, आणि ज्यांची नावंसुद्धा विचारायची राहिली त्यांच्यासाठी

आजीवरची डॉक्युमेंटरी झाली एकदाची! 42 मिनिटांची. आजोबा गेले आणि वर्षाच्या आत काकाही गेला, तेव्हा दिंडोरीकडची आमची द्राक्षबाग विकून टाका असं सगळे म्हणत होते, पण आजीने त्याच एप्रिलला खरडछाटणी, म्हणजे वेलींची उन्हाळी छाटणी, करून घेतली, कारण ती चुकली तर पुढच्या सीझनला काडीत घडच धरत नाही, आणि बाईला रडायला वेळ मिळाला तो थेट ऑक्टोबरची छाटणी उरकल्यावर. हे तिने पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर सांगितलं, आम्हा घरच्यांनाही माहीत नव्हतं.

ती बोलत होती तेव्हा शेजारच्या बागेत फवारणी चालू होती, ब्लोअरचा आवाज नुसता. मी हात केला फक्त, तर त्या दादांनी ट्रॅक्टर बंद करून पाऊण तास बांधावर बसून काढला. दादा, तो सीन तुमच्यामुळे आहे.

नाशिकला गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीपाशी आजीला चक्कर आली, तेव्हा स्वतःचं स्टूल देऊन पदराने वारा घालणाऱ्या फुलवाल्या मावशी, तुमचे तर पाय धरायला हवेत.

आणि सीबीएस बसस्टँडला रिक्षात राहिलेली हार्ड डिस्कची बॅग परत आणून देणारे काका, चहालाही थांबला नाहीत तुम्ही. सगळं शूटिंग त्यातच होतं हो.

आजी विचारतेय, त्या लोकांना जेवायला कधी बोलावतोस? कुणी ओळखत असाल तर प्लीज कळवा.