ताई, तुमचे आभार

धाकटा भाऊ मनोरुग्णालयात होता. बरा झाला, घरी येतो म्हणे, पण कागद हलेना. आम्ही यवतमाळकडचे कापूसवाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला मोफत वकील मिळतो, पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हे आम्हाला कुठून ठाऊक?

वकिलांच्या मदतीला असलेल्या समाजसेविका ताई एसटीनं गावात आल्या. आईजवळ चुलीपाशी दोन तास बसल्या. गोळ्या कोण देईल, वेचणीच्या दिवसांत त्याच्याजवळ कोण थांबेल, सगळं लिहून घेतलं. मंडळापुढे तेच कामी आलं.

पण त्याआधी त्यांनी भावाला विचारलं होतं, "दादा, तुम्हाला काय वाटतं?" इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

ताई, नव्या तुरीची डाळ काढून ठेवली आहे. न्यायला या.