प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, याचा आम्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना अभिमान आहे आणि तो असावाही. २०२४ मध्ये विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. परंतु या आकड्यांच्या भरवशावर पाचवी ते आठवीच्या मुलांच्या अभ्यासाकडे आम्हा पालकांचे दुर्लक्ष होऊ लागले आहे, असे स्वतःच्या घरातील अनुभवावरून मला वाटते.

राजापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. माझा मुलगा सातवीत शिकतो. त्याच्या प्रथम सत्राच्या प्रगतिपुस्तकात गणिताला ब-१ श्रेणी होती आणि नोंदीच्या रकान्यात 'गणिती क्रिया अचूक करतो' असे लिहिलेले होते. मी सही करून ते परत पाठवले. दिवाळीच्या सुट्टीत गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीसाठी, तीन गाड्या चिरे आले, एकूण ६१८. एका गाडीत किती आले, ते काढायला मी त्याला सांगितले. त्याने भागाकार मांडला आणि उत्तर दिले २६. मधले शून्य गळले होते. तिन्ही गाड्या उतरताना तो तिथेच उभा होता. तरीही एवढ्या मोठ्या गाडीत २६च चिरे कसे, असा प्रश्न त्याला पडला नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. चूक दाखवताच त्याचा हात मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरकडे गेला.

शून्य मोबाइलमुळेच गळले, असे मी म्हणणार नाही. पण शाळेतून आल्यावर पाढे म्हणण्याचा, वही उघडून बसण्याचा जो वेळ होता, तो मोबाइलने घेतला आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो मोबाइल थोरल्या मुलीच्या वर्गासाठी मीच आणला. रेंज मिळावी म्हणून तेव्हा वाडीतील मुले छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, बसत. शाळा उघडल्या, पण मोबाइल मुलांच्या हातातच राहिला. ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाची घरोघरी पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के होती.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि शाळेच्या कामावर देखरेख ठेवण्याचे काम सोपवले. प्रत्यक्षात आमच्या बैठकीत पाण्याची टाकी, शौचालयाचे दार आणि कंपाऊंड यांवर बोलणे होते, रजिस्टरवर सह्या होतात आणि मंडळी उठतात. मुले काय शिकली, हा विषय निघतच नाही, आणि यात मीही तितकाच दोषी आहे. माझी सूचना अशी, की प्रत्येक सत्रात एक दुपार राखून ठेवावी आणि शिक्षक व स्वतःचे पालक यांच्यासमोर प्रत्येक मुलाने एक परिच्छेद वाचावा, एक हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार करून दाखवावा. 'असर'चे स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाजवळ बसून असेच वाचन आणि गणित तपासतात. चारचौघांत मुलाला उभे करू नये आणि क्रमांकही लावू नयेत. पालकाने डोळ्यांनी पाहावे आणि मगच सही करावी.

यात शिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. द्विशिक्षकी शाळेत दोन गुरुजी सगळे वर्ग सांभाळतात आणि तास चालू असतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर 'माहिती तातडीने पाठवा' असा निरोप येतो. मुलांच्या मोबाइलवर मर्यादा घालायची, तर शाळेच्या वेळेत असे निरोप पाठवणेही शिक्षण विभागाने थांबवले पाहिजे.

घरातून मोबाइल हद्दपार करा, असे सांगणे कोकणात अवघड आहे. कुणाचे वडील मुंबईला, कुणाचे मासेमारीच्या बोटीवर खलाशी. संध्याकाळचा व्हिडिओ कॉल हीच त्या मुलांची बापाशी भेट. हायस्कूलला जाणाऱ्या मुलींच्या आया एसटी चुकली तर काय, असे विचारतात, आणि ते खरेच आहे. म्हणून शाळेत आल्यावर मोबाइल कार्यालयात जमा करावा, सुटताना परत द्यावा आणि अडीअडचणीला शाळेच्या फोनवरून निरोप जावा. घरी मात्र वडिलांचा फोन झाला, की दिवेलागणीपासून जेवणापर्यंत मोबाइल फळीवर ठेवावा, थोरांनीही ठेवावा. हे एकट्या घराला जमत नाही. आपल्याकडे बंदी केली, की मूल शेजारच्या पडवीत जाऊन बसते. वाडीने मिळून ठरवले तरच ते टिकेल. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनाही विनंती, की गणपतीला आणि शिमग्याला येताना चाकरमान्यांनी लहान मुलांसाठी जुना मोबाइल आणू नये.

हे दोन्ही विषय पुढील बैठकीत घ्यावेत, असे लेखी पत्र मी आमच्या समितीच्या अध्यक्षांना दिले आहे. इतर गावांतील समित्यांनी असा प्रयोग केला असेल, तर मुलांची तपासणी कशी घेतली आणि मोबाइलचा नियम किती दिवस टिकला, हे त्यांनी आपल्या स्तंभातून कळवावे, ही विनंती.

आपला,
एक पालक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी