दोन रकाने कोरे ठेवल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मूळनिवासी मुलांसाठीच्या कार्लाइल इंडियन स्कूलच्या १९१२ च्या अमेरिकन फुटबॉल मोसमाचा तुम्ही केलेला तक्ता पोहोचला. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून, ओळखदेख नसताना, एका मराठी लेखासाठी कुणी एवढं खपतं हे पाहून खरोखर भरून आलं. खासगीत आभार मानून भागण्यासारखं हे नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याआधी ज्यांना आम्ही विचारलं होतं, त्यांनीही तक्ता दिला होता. चौदाच्या चौदा सामने, सगळे रकाने भरलेले, दिसायला देखणा. पण त्यात टचडाउन (म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडणं) ५ गुणांचा धरलेला. १९१२ च्या मोसमापासूनच तो ६ गुणांचा झाला होता. त्याच वर्षी मैदान ११० वरून १०० यार्डांवर आलं, १० यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार डाउन, म्हणजे चार संधी, मिळू लागले आणि गोलरेषेमागे १० यार्डांचा पट्टा आखला गेला. हा बदल ध्यानात घेतला नाही की काय होतं, ते ९ नोव्हेंबरच्या, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाशी (आर्मी) झालेल्या सामन्यात दिसतं. कार्लाइल २७, आर्मी ६. खरा हिशेब असा: चार टचडाउनचे २४, नंतरच्या तीन यशस्वी किकचे ३. पाचाच्या हिशेबाने २० झाले, म्हणून त्यांनी चारही किक यशस्वी धरल्या आणि उरलेले ३ गुण भरून काढायला कार्लाइलच्या जिम थॉर्पच्या नावावर एक फील्ड गोल (चालू खेळात किक मारून गोलखांबांमधून चेंडू पाठवणं) चढवला. बेरीज जुळली, सामना मात्र खोटा झाला. चूक दाखवल्यावर उत्तर आलं नाही.

तुम्ही त्याच सामन्यासमोर टचडाउन करणाऱ्यांची नावं लिहिलीत: तीन ॲलेक्स आर्कासाचे, एक जो बर्गीचा. थॉर्पने ९२ यार्ड धावून केलेला टचडाउन पेनल्टीमुळे रद्द झाला आणि लगेच पुढच्या किकवर तो ९७ यार्ड धावून पुन्हा पोहोचला, ही गोष्ट किती वेळा छापून आली असेल! चार टचडाउन या दोघांत संपतात. तो दुसरा टचडाउन बसवायला गुणफलकात जागाच नाही. यात थॉर्पचं मोठेपण कमी होत नाही. आर्मीचे बचावपटू त्याच्यामागे ओढले जात होते, म्हणून तर आर्कासाला वाट मिळत होती. स्टॉकहोम ऑलिंपिकहून त्याच उन्हाळ्यात दोन सुवर्णपदकं घेऊन आलेल्या माणसाला उसन्या टचडाउनची गरज काय?

टोरांटोसमोरच्या ४९-१ लाही तुम्ही खूण केलीत. अमेरिकी नियमांत त्या वर्षी नुसता १ गुण मिळवायची सोयच नव्हती: सेफ्टीचे (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवल्याचे) २, फील्ड गोलचे ३, टचडाउनचे ६, आणि किकचा १ टचडाउनशिवाय नाही. तो १ कॅनडाच्या नियमांतला आहे, कारण सामन्याचा काही भाग त्या नियमांनी खेळला गेला. आधीच्या तक्त्यात ‘छपाईची चूक’ समजून तो खोडला होता. शनिवारी जॉर्जटाउनला ३४-२० ने हरवून सोमवारी ही मुलं टोरांटोत उभी होती, हेही तारखा नीट लावल्यामुळेच कळलं.

पण ताई, हे पत्र लिहावंसं वाटलं ते दोन कोऱ्या रकान्यांमुळे.

थॉर्पच्या यार्डांच्या रकान्यात दोन सामन्यांसमोर तुम्ही काहीच लिहिलं नाही. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात एवढंच: ‘पुरेशी नोंद नाही. अंदाजाने भरू नये.’ १९१ वेळा चेंडू घेऊन १,८६९ यार्ड हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो चौदा नव्हे, बारा सामन्यांचा आहे. चौदाने भागलं तर सामन्यामागे साधारण १३४ यार्ड, बाराने भागलं तर १५६. रकाने भरून टाकणाऱ्याला हा फरक कधी दिसणारच नाही. त्या काळी पाठीवर आकडे लावायची सक्ती नव्हती. ढिगाऱ्यातून चेंडू घेऊन कोण उठला हे बातमीदार लांबून ओळखायचा. म्हणूनच त्याचे टचडाउन कुणी २५ मोजतं आणि गुण १९८, तर कुणी २७ आणि २२४. तुम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेत, एकही खोडला नाही.

कार्लाइलच्या बाबतीत हे जास्तच मोलाचं आहे. १८७९ साली या शाळेत आणलेल्या पहिल्या मुलांना फळ्यावर लिहिलेल्या नावांतून आपलं नवं नाव निवडायला लावलं होतं. केस कापले, भाषा बंद केली. त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी मनाने लिहिलेलं आधीच पुष्कळ आहे. माहीत नाही तिथे हात आखडता घेणं ही साधी माणुसकी आहे, आणि ती कामाच्या रगाड्यात, कुणी तपासणार नाही हे माहीत असताना पाळणारी माणसं आहेत, याचा आम्हाला फार आनंद झाला.

तक्ता जसाच्या तसा छापतो आहोत: १२ विजय, वॉशिंग्टन अँड जेफरसनशी ०-० बरोबरी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ हार, एकूण गुण ५०४. दोन रकाने कोरे, तुमची टीप त्यांच्याखाली. मांडणी करणाऱ्याला बजावून ठेवलं आहे की रिकाम्या जागी शून्य टाकायचं नाही. शून्य म्हणजे तो धावलाच नाही असं होईल. अंकाच्या प्रती कुठल्या पत्त्यावर पाठवायच्या तेवढं कळवा.

आपले ऋणी,
अंकाचे संपादक मंडळ