रनिंग मेट निवडायचाय? आधी उद्या सकाळचं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारानं आपला रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, कसा निवडावा यावर लेख होता. लेख छान होता, आवडला, पण अर्ध्याच्या वर जागा कोणत्या राज्यातला घ्यावा, बाई घ्यावी का बुवा, म्हातारा उमेदवार असेल तर तरुण घ्यावा का, याच गणितात गेली आणि वाचता वाचता मला वाटायला लागलं की आपण झेडपीचं तिकीटवाटप तर नाही ना वाचून राहिलो.

आमच्या अपार्टमेंटचंच सांगतो. मागच्या वेळी बी विंगवाले रुसले होते म्हणून त्यांच्यातल्या एकाला उपाध्यक्ष केलं, माणूस सज्जन, पण मीटिंगला कधी आला नाही आणि त्याला कोणी बोलावलंही नाही. मग भर मे महिन्यात अध्यक्ष मुलीकडे बंगलोरला गेले आणि तिसऱ्याच दिवशी पाण्याची मोटर जळाली, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि उपाध्यक्षांना मोटरवाल्याचा नंबर माहीत नाही, चेकवर सही कोणाची चालते ते माहीत नाही, चार दिवस आम्ही टँकरवर काढले. बी विंग मात्र खूश होती हो, त्यांचा माणूस पदावर होता ना!

तर माझं म्हणणं एवढंच आहे की उमेदवारानं पहिला प्रश्न हा विचारावा, उद्या सकाळी मी नसलो तर हा माणूस माझ्या खुर्चीत बसू शकेल का. हे काही अशुभ बोलणं नाही, हिशोब आहे. अमेरिकेत आतापर्यंत ४५ माणसं राष्ट्राध्यक्ष झाली, त्यातले ९ जण आधीचा गेला म्हणून मधेच खुर्चीत आले, आठ वेळा मृत्यूमुळे आणि एकदा निक्सननं राजीनामा दिला म्हणून. पाचात एक! पाचात एक वेळा पाऊस येतो म्हटलं तर माणूस छत्री घेऊन निघतो, आणि इथं मात्र छत्रीचा रंग कोणत्या राज्याला आवडेल ते बघतात.

लिंकनचं उदाहरण घ्या. १८६४ मध्ये उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होतं, दक्षिणेतलीही माणसं आपल्यासोबत आहेत हे दाखवायचं होतं म्हणून टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन घेतला, तोही विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातला. बॅलन्स म्हणाल तर एकदम परफेक्ट, निवडणूकही जिंकले. शपथविधीला हा गडी दारू पिऊन आला आणि सहा आठवड्यांत लिंकनचा खून झाला. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना हक्क देणारा १८६६ चा कायदा याच माणसानं व्हेटो केला, संसदेनं तो व्हेटो झुगारून कायदा पास केला ते वेगळं, पुढं महाभियोगात सिनेटमध्ये एका मतानं वाचला. लिंकनसारख्या माणसाचं काम पुढं न्यायची वेळ आली तेव्हा ते त्या कामावर विश्वासच नसणाऱ्याच्या हातात पडलं. मत मिळवायला घेतलेला जोडीदार मतमोजणीच्या रात्रीपर्यंत कामाचा, त्याच्यापुढं चार वर्षं असतात भाऊ.

बरं, राज्य खरंच मिळतं का तेही बघा. १९६० मध्ये केनेडीनं टेक्सासचा लिंडन जॉन्सन घेतला आणि टेक्सास पन्नास हजारांपेक्षाही कमी मतांनी जिंकलं, हेच एक उदाहरण सगळे उगाळून उगाळून सांगतात. २००४ ला केरीनं नॉर्थ कॅरोलिनाचा एडवर्ड्स घेतला, नॉर्थ कॅरोलिना गेलं. २०१२ ला रॉमनीनं विस्कॉन्सिनचा पॉल रायन घेतला, विस्कॉन्सिन गेलं. आणि १९९२ मध्ये क्लिंटननं तर सगळं शास्त्रच मोडलं, स्वतः आर्कान्सासचा आणि जोडीदार अल गोर शेजारच्या टेनेसीचा, दोघंही दक्षिणेतले, दोघंही चाळिशीतले, आणि जिंकले.

चांगला जोडीदार मिळाला तरी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं तर काय उपयोग. ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होता, १२ एप्रिल १९४५ ला राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट गेले, आणि अणुबॉम्ब बनवणं चालू आहे याची नीट माहिती त्याला खुर्चीत बसल्यावर मिळाली. रुझवेल्टची तब्येत किती खराब आहे हे पक्षातल्या मोठ्या लोकांना दिसत होतं, म्हणून तर आधीच्या उपाध्यक्षाला, वॉलेसला, काढून ट्रुमनला आणलं, तरी कोणाला वाटलं नाही की याला चार गोष्टी सांगून ठेवाव्या. आमच्या मोटरवाल्याच्या नंबरसारखंच झालं, फक्त इथं विषय हिरोशिमाचा होता.

मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणानं निवड केली ती जिमी कार्टरनं, १९७६ मध्ये. माणूस जॉर्जियाचा, भुईमुगाची शेती, वॉशिंग्टनची सवय नाही आणि हे त्याला स्वतःला माहीत होतं. त्यानं घाई केली नाही, मंडेल, मस्की, ग्लेन अशा सिनेटरांना प्लेन्स या आपल्या गावी घरी बोलावलं, बसून बोलला, मग मंडेलला निवडलं. नंतर मंडेलला व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये ऑफिस दिलं, तोपर्यंत उपाध्यक्षांना तिथं कायमची जागा नव्हती, आणि दर आठवड्याला दोघं सोबत जेवायचे. कार्टर १९८० ला हरले हो, मान्य आहे, पण उपाध्यक्षाला कामाला कसं लावायचं ते पुढच्यांनी त्याच्याकडूनच घेतलं.

उलट १९७२ चे उमेदवार मॅकगव्हर्न बघा. पक्षाच्या ऐन अधिवेशनात घाईघाईत ईगलटनला जोडीदार म्हणून घेतलं, नंतर कळलं की डिप्रेशनसाठी तो हॉस्पिटलमध्ये राहिलेला आहे, शॉक ट्रीटमेंट झालेली आहे. आधी म्हणाले मी हजार टक्के याच्या पाठीशी आहे, आणि अठराव्या दिवशी त्याला उमेदवारी सोडायला लावली. आजारात त्या बिचाऱ्याचा काय दोष, माझ्या घरातही हा आजार मी पाहिला आहे. चूक न विचारण्यात होती, आणि त्याहून मोठी चूक हजार टक्के म्हणून हात सोडण्यात. ५० पैकी ४९ राज्यं हरले.

आणि डिक चेनी! २००० मध्ये धाकट्या बुशनं जोडीदार शोधायचं काम यांच्याकडं दिलं आणि शेवटी हेच उमेदवार झाले, म्हणजे मुलगा पाहायला गेलेला मामाच बोहल्यावर उभा. त्यात टेक्सासच्या इलेक्टरांना, म्हणजे राज्याच्या वतीनं शेवटचं मत देणाऱ्या प्रतिनिधींना, राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षपदाची दोन्ही मतं आपल्याच राज्यातल्या माणसांना देता येत नाहीत, आणि हे दोघंही तेव्हा टेक्सासचेच, म्हणून चेनींनी मतदार नोंदणी पटकन वायोमिंगला हलवली. बुशला मिळाली इलेक्टरांची २७१ मतं, लागत होती २७०, टेक्सासची ३२, तुम्हीच हिशोब करा.

आपल्याकडं बरं आहे, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती जोडीनं निवडून येत नाहीत, उपराष्ट्रपतींना खासदार वेगळे निवडतात. तरी आपल्यावरही वेळ आली होती. १९६९ च्या मे महिन्यात झाकीर हुसेन वारले, उपराष्ट्रपती गिरी काम पाहू लागले, पण त्यांनाच राष्ट्रपतीपदाला उभं राहायचं होतं म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि दोन्ही खुर्च्या रिकाम्या. तेव्हा ३५ दिवस देशाचं राष्ट्रपतीपद सांभाळलं ते सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी, म्हणजे आपल्या मॉरिस कॉलेजचा विद्यार्थी आणि नागपूर हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश राहिलेला माणूस. त्याच दिवसांत निक्सन दिल्लीला आले तेव्हा यजमान हेच. गंमत म्हणजे निक्सन स्वतः आठ वर्षं उपाध्यक्ष होते, ते पद काय असतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत, आणि तरी त्यांनी निवडला कोण तर स्पायरो ॲग्न्यू, ज्याला १९७३ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात पद सोडावं लागलं.

जावई न्यू जर्सीला असतात, त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, बाबा, खुर्चीत बसू शकेल असा माणूस ओळखायचा कसा, सगळेच तर मुलाखतीत गोड बोलतात. मी म्हटलं सोपं आहे, नागपूरला आणा आणि सावजीचा रस्सा वाढा. नाकाडोळ्यातून पाणी वाहत असताना जो साहेबांकडे बघून म्हणतो की अजिबात तिखट नाही, त्याचं नाव तिथंच कापा. जो म्हणतो मला झेपत नाही, दही द्या, त्याच्याशी पुढं बोलणी करा.

आपला,
एक जुना वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर

ता.क. मोटर आता नवीन बसवली आहे, नंबर लिफ्टजवळच्या बोर्डावर लिहून ठेवलाय.