वाय-फाय नेमकं कुठल्या पायरीवर अडलंय?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या लॅपटॉपवर वाय-फाय लागतं, पण सारखं तुटतं आणि वेगही पडलाय. ताईंच्या लॅपटॉपवर तर लिनक्स घातल्यापासून वाय-फायचा पत्ताच नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. तू मात्र दोन्हींवर एकच औषध दिलंस, सापडतील त्या आज्ञा टर्मिनलवर चिकटवत गेलास. ते आधी थांबव. लिनक्सवर वाय-फाय पायरी पायरीने वर चढतं: कार्ड, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम), फर्मवेअर (कार्डाच्या आत चढवायचा प्रोग्राम), रेडिओ, पासवर्ड, आयपी पत्ता, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा). कुठल्या पायरीवर अडलंय हे कळेपर्यंत काही बदलायचं नाही. यंत्र ते स्वतःहून लिहून ठेवतं, आपण वाचायचं असतं.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टंकताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं वापर, फक्त नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) या नावातला एन आणि एम मोठा.

आधी तुझा लॅपटॉप. तू उतरवून पाठवलेली ओळ, ‘ऑप्शन्स आयडब्ल्यूएलवायफाय ११एन_डिसेबल=१’, हीच तुझा वेग खातेय. इंटेलच्या वाय-फाय ड्रायव्हरच्या जुन्या दोषांवरचा हा तात्पुरता इलाज होता. त्याने ८०२.११एन हा वाय-फायचा वेगवान प्रकार आणि त्यानंतर आलेलं सगळंच बंद पडतं, आणि कार्ड जास्तीत जास्त ५४ मेगाबिटवर अडकतं. हातात येतात त्याच्या निम्मेही नाहीत. खात्री करून घे. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ म्हटलंस की इंटरफेसचं नाव मिळेल, समज डब्ल्यूएलपी२एस०. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक’. त्यात टीएक्स बिटरेटच्या ओळीत आकड्यापुढे एमसीएस ही अक्षरं दिसायला हवीत. ती नसतील आणि आकडा ५४.० च्या वर जातच नसेल, तर चोर सापडला. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमधल्या ज्या फाइलमध्ये ती ओळ आहे तिथून ती काढ आणि लॅपटॉप रीस्टार्ट कर.

तुटण्याचं कारण बहुधा वेगळं निघेल. पहिला संशय पॉवर सेव्हवर घे. बॅटरी वाचवायला कार्ड मधेमधे डुलकी घेतं, आणि काही राउटरांशी त्याचं जमत नाही. ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ कर आणि तासभर नेहमीचं काम करून बघ. हा बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही, म्हणून तर आजमावायला चांगला. तुटणं थांबलं तरच कायमचा कर: ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’ मध्ये .कॉन्फ अशी शेवट असलेली एक फाइल, तिच्या पहिल्या ओळीत चौकटी कंसात कनेक्शन, दुसऱ्या ओळीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’. इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. ० लिहून बंद होत नाही, इथेच बरेच जण फसतात. उबुंटूवर त्याच फोल्डरमध्ये ३ लिहिलेली एक फाइल आधीपासून असते. तिथे नवी फाइल न करता तोच आकडा बदल.

थांबलं नाही तर त्याच लिंकच्या उत्तरात सिग्नल बघ. तो उणे आकड्यात असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉलही नीट चालतो, उणे ८० ला तुटणारच. राउटरच्या शेजारी बसूनही उणे ७५ च्या आसपास दिसत असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नकोस. आत कार्डाला बहुतेक दोन बारीक अँटेना वायरी दाबून बसवलेल्या असतात, त्यातली एखादी निसटलेली असणार. ती टोकं नाजूक असतात. बॅटरी सोडवून, टोक बरोबर वर ठेवून बोटाने सरळ दाबायचं, तिरपं नाही.

आणि जोडणी कोणी तोडली, हे लॉगमध्ये लिहिलेलं असतं. ‘जर्नलसीटीएल -बी -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट’ चालव आणि डिस्कनेक्टेड शब्द असलेल्या ओळी शोध. ओळीच्या शेवटी ‘लोकली_जनरेटेड=१’ असेल तर लॅपटॉपने स्वतः सोडलं, म्हणजे ड्रायव्हर, झोप किंवा सिग्नल. ते शब्द नसतील तर राउटरने बाहेर काढलं, मग राउटरच्या सेटिंगमध्ये बघायचं. रीझन १५ म्हणजे चाव्यांची देवाणघेवाण वेळेत पुरी झाली नाही, आणि तिथे बहुतेक वेळा पासवर्डच चुकलेला असतो. पासवर्ड नक्की बरोबर असेल आणि राउटर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ अशा मिश्र पद्धतीवर असेल, तर थोडा वेळ नुसतं डब्ल्यूपीए२ ठेवून बघ. जुनी कार्डं त्या मिश्रणात अडखळतात.

आता ताईंचा लॅपटॉप. नेट नाही म्हणून पॅकेज उतरवता येत नाही आणि पॅकेज नाही म्हणून नेट नाही, ही गाठ सोडवायला अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोड आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. लिनक्सला तो साध्या वायर्ड नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’. नेटवर्क कंट्रोलर या ओळीच्या टोकाला चौकटी कंसात दोन आकड्यांची जोडी असते. लॅपटॉपवरच्या स्टिकरपेक्षा आणि खोक्यावरच्या नावापेक्षा तिच्यावर विश्वास ठेव, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं येतात. पहिला आकडा बनवणाऱ्याचा: ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रियलटेक, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का, ते बघ. ती नसेल तर गाडी दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ड्रायव्हरवरच, अडली आहे.

ड्रायव्हर नसण्याची दोन कारणं नेहमीची. एक, कार्ड नवं आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना. उदाहरणार्थ इंटेलचं एएक्स२१० कर्नल ५.१० च्या आधी चालत नाही. तिथे नवा कर्नल घ्यायचा, दुसरा मार्ग नाही. दोन, ब्रॉडकॉमसारख्या कार्डाचा ड्रायव्हर बाहेरून घेऊन डीकेएमएसने (दर कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणारी सोय) बांधावा लागतो. त्याला चालू कर्नलचे हेडर, म्हणजे बांधणीसाठीच्या फाइली, लागतात. ते नसले की कर्नल अपडेट झाल्या दिवशी वाय-फाय गायब होतं आणि माणूस राउटरला दोष देत बसतो. शिवाय सिक्योर बूट (सुरू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला मॉड्यूल, म्हणजे असा बाहेरून बांधलेला ड्रायव्हर, कर्नल आत घेतच नाही. ‘मॉडप्रोब’ या आज्ञेने तो चढवल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं, तर कारण हेच. एमओके चावी, म्हणजे ती सही ओळखणारी तुझी स्वतःची चावी, नोंदव. बसवताना पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे एनरोल करून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा घाईत ओलांडला की पुन्हा पहिल्यापासून.

ड्रायव्हर असेल तर ‘सुडो डीमेसेज’ (टंकताना डी-एम-ई-एस-जी) मध्ये फर्मवेअर शब्द शोध. इथे जरा नीट वाच, कारण चांगले चांगले इथे घाबरतात. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर अमुक फेल्ड विथ एरर -२’ यातला -२ म्हणजे त्या नावाची फाइल सापडली नाही, एवढंच. इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नवी आवृत्ती मागतो, ती नसली की तिच्या आधीची, असं एकेक आकडा खाली येतो आणि प्रत्येक वेळी ही ओळ टाकतो. अशा चार-पाच ओळींनंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ आलं तर सगळं ठीक आहे. ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो’ या फाइलची तक्रार तर सोडूनच दे, ती फक्त डीबगिंगची असते. शेवटी ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ आलं, तरच फर्मवेअर खरोखर नाही. उबुंटूत लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज बसव. डेबियनमध्ये कार्डाप्रमाणे फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-रियलटेक किंवा फर्मवेअर-अथेरॉस. २०२३ च्या डेबियन १२ पासून ही पॅकेजं नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात आहेत. जुन्या डेबियनवरून चढवलेलं असेल तर पॅकेजं कुठून घ्यायची ते लिहिलेल्या सोर्सेसच्या फाइलमध्ये हा शब्द जोडायचा राहून जातो.

फर्मवेअरही चढलं, तरी नेटवर्कं दिसत नाहीत? ‘आरएफकिल लिस्ट’. सॉफ्ट ब्लॉक्ड येस असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ ने सुटतं. हार्ड ब्लॉक्ड येस असेल तर कुठलीही आज्ञा चालणार नाही. कडेचं बटण किंवा विमानाचं चित्र असलेली फंक्शन की दाबावी लागते. ताईंनी विंडोजही ठेवलंय ना? मग त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद कर. त्याने विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि कार्ड त्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ मध्ये अनमॅनेज्ड दिसलं आणि डेबियन असेल, तर ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ मध्ये त्या इंटरफेसचं नाव सापडेल. इन्स्टॉलरने तिथे लिहून ठेवलं की नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाही. त्या ओळी काढ.

जोडणी झाली पण पानं उघडत नाहीत, तर ते दुखणं वाय-फायचं नाहीच. ‘आयपी ए’ मध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही. पत्ता ठीक असेल तर १.१.१.१ ला पिंग कर. ते चाललं आणि नावाने काहीच उघडलं नाही, तर डीएनएस.

एवढं करूनही अडलं तर चार उत्तरं जशीच्या तशी पाठव: एलएसपीसीआयमधला वाय-फायचा भाग, डीमेसेजमधल्या फर्मवेअरच्या ओळी, आरएफकिलची यादी, आणि तुझ्या लॅपटॉपचं लिंकचं उत्तर, ती ११एनची ओळ काढल्यानंतरचं. ‘चालत नाही’ एवढंच लिहू नकोस. ताईंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र