आधी मेडिकल, मग हप्ता

महोदय,

बारावीचा निकाल लागला की ‘पायलट व्हा’च्या जाहिराती झळकू लागतात. बँकेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज माझ्याच टेबलावरून जात, म्हणून आज निवृत्तीनंतरही त्या वाचल्या की एक मुलगा आठवतो.

वडील शेतकरी, जमीन तारण ठेवायला तयार. प्रशिक्षण संस्थेने जागा ‘पक्की’ करायला पहिला हप्ता घेतला. मेडिकलचे नंतर बघू म्हणाले. दीड महिन्याने वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात दडलेला आकडा मुलाला काही केल्या वाचता येईना. लाल-हिरव्यात त्याची गफलत होते हे अठरा वर्षांत घरात कुणालाच कळले नव्हते. कर्ज अर्थातच थांबले. हप्ता मात्र गेला तो गेलाच.

चष्म्याने अडत नाही; रंगांधळेपणाने अडते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) संकेतस्थळावर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी आहे. क्लास टू या पहिल्या वैद्यकीय तपासणीला काही हजार लागतात, ती प्रवेशाआधी करावी. व्यावसायिक परवान्याला (सीपीएल) त्यापुढची क्लास वन तपासणी लागते, तेही लवकर उरकलेले बरे. बारावीला भौतिकशास्त्र-गणित नसेल, तर ते विषय मुक्त विद्यालयातून देता येतात.

सीपीएलला २०० तासांचे उड्डाण लागते, त्यातले १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे घेऊन. हे तास किती महिन्यांत होणार, ते माहितीपत्रकावरून कळत नाही. विमाने किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती, हे विचारावे. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसचे दिवस विमान जागचे हलत नाही. धुळे, बारामती, गोंदिया इथल्या प्रशिक्षण संस्था काही लांब नाहीत. पालकांनी एक सकाळ तिथे जाऊन समुपदेशकाला नव्हे, तर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या मुलांना गाठावे.

शिवाय परवाना मिळाला तरी एअरबस ३२० सारख्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान चालवण्याचे प्रशिक्षण, वेगळे करावे लागते आणि त्यालाही काही लाख लागतात. कर्जाच्या अर्जात हा खर्च धरलेला मी क्वचितच पाहिला.

माझी मागणी एवढीच, की क्लास टूचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घेता येऊ नये आणि ही अट जाहिरातीत ठळक अक्षरांत छापणे डीजीसीएने बंधनकारक करावे.

– एक निवृत्त बँक अधिकारी, जळगाव