हतनूरच्या काठावर मिळालेल्या मदतीबद्दल आभार

तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळील हतनूर जलाशयावर या हिवाळ्यात आम्ही शाळकरी मुलांना स्थलांतरित पक्षी दाखवू शकलो, याचे श्रेय ज्यांची नावेही विचारायची राहून गेली अशा माणसांचे आहे. ज्या भोई दादांनी उथळ पाण्यात विसावलेला पट्टकदंबांचा थवा उडू नये म्हणून इंजिन न लावता, वल्ही मारत, लांबचा वळसा घेऊन होडी नेली, त्यांचे आम्ही विशेष ऋणी आहोत. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला विनाकारण उडवणे म्हणजे त्याची परतीच्या प्रवासासाठीची शक्ती खर्च करायला लावणे, हे मुलांना आमच्या माहितीपेक्षा त्यांच्या संथ वल्हवण्यातून अधिक कळले. आपली दुर्बीण मुलांच्या उंचीला लावून, पट्टकदंबाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे प्रत्येकाला दिसेपर्यंत थांबलेले ज्येष्ठ पक्षिमित्र, केळीच्या बागेतून वाट देणारे शेतकरी आणि सर्वांना कळण्याची भाकरी व ठेचा आग्रहाने वाढणाऱ्या मावशी यांचेही मनःपूर्वक आभार. चक्रवाक आणि तलवार बदके अजून जलाशयावर आहेत, त्यामुळे आम्ही पुन्हा येणारच आहोत. तेव्हा आपण भेटलात तर कृपया आपले नाव जरूर सांगावे.